मोत्या, मनी आणि ‘आमची लक्ष्मी’ : मुक्या जिवांना आणि वस्तूंना माणसाची नाती लावण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोठ्यातल्या बैलाला ‘मन्हा (माझा) राजा’ म्हणणारा शेतकरी, मांजरीला ‘बाई’ म्हणून हाक मारणारी आजी, नव्या दुचाकीला ‘आमची लक्ष्मी’ म्हणणारा तरुण आणि कुत्र्याच्या वाढदिवशी स्वतःला ‘मोत्याची आई’ म्हणवून घेणारी शहरातली सून, ही चारही माणसे आज जळगाव, धुळे किंवा नंदुरबार जिल्ह्यातल्या एकाच कुटुंबात सापडतात, आणि त्यांपैकी प्रत्येकाला उरलेल्या तिघांचे बोलणे थोडेसे हास्यास्पद वाटते. या गमतीतून आणि कधीकधी भांडणातून जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

जनावराला किंवा निर्जीव वस्तूला माणसाचे नाते लावणे मराठीत चुकीचे आहे का?

चुकीचे नाही. निर्जीव वस्तू सजीवाप्रमाणे वागते असे वर्णन केले की चेतनागुणोक्ती अलंकार होतो, हे शालेय व्याकरणाच्या पुस्तकात आपण सर्वांनी पाठ केलेले असते. मात्र अलंकार हा जाणूनबुजून घडवलेला असतो आणि रोजच्या बोलण्यातले नाते तसे नसते. पहाटे गोठ्यात जाऊन ‘ऊठ रे मन्हा भाऊ’ म्हणणाऱ्या माणसाला आपण काही अलंकारिक बोललो याची जाणीवही नसते, म्हणून त्याच्या वाक्याला काव्यशास्त्राच्या मापाने मोजण्यात अर्थ नाही.

आपली भाषा तर मुलाला जग दाखवते तेच नात्यांच्या पंगतीत बसवून. चंद्र हा चांदोमामा, चिमणी ही चिऊताई, खार ही खारूताई आणि मांजर ही वाघाची मावशी. येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे की, मामा आणि मावशी ही दोन्ही नाती आईकडची आहेत. पशुपक्ष्यांच्या या गोतावळ्यात काका आणि आत्या फारशा आढळत नाहीत. लाड होतात ते आजोळी, आणि मुलाने ज्याच्याकडे निर्धास्तपणे पाहावे असे वाटते त्याला भाषा आजोळचे नाते देते, असे मला तरी त्यातून दिसते.

ही सगळी शहरी हौस आहे, पूर्वी जनावराला जनावरासारखेच वागवत, असे वडीलधारे म्हणतात. ते खरे आहे का?

अर्धे खरे आहे. कुत्र्याला सोफ्यावर झोपवणे, त्याचा केक कापणे आणि त्याला अंगरखा शिवणे ही नवी हौस आहे, यात वाद नाही. पण माणसाचे नाते जनावराला लावण्याची रीत नवी आहे असे म्हणणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आपल्याच घरचा पोळा आठवून पाहावा.

श्रावणी अमावास्येला खानदेशातल्या गावांत बैलाचे जे काही होते ते एखाद्या पाहुण्याचे, किंबहुना नवरदेवाचे होते. आदल्या दिवशी वर्षभर जू वाहिलेल्या त्याच्या खांद्याला कोमट पाण्याने शेकून तूप-हळद चोळतात. दुसऱ्या दिवशी त्याला नदीवर किंवा विहिरीवर नेऊन आंघोळ घालतात, शिंगे रंगवतात, पाठीवर झूल आणि गळ्यात घुंगरमाळ घालतात, आणि शिंगांना चक्क बाशिंग बांधतात. बाशिंग हा लग्नाच्या वेळी माणसाच्या कपाळाला बांधण्याचा अलंकार आहे. घरची सुवासीण त्याच्या पायांवर पाणी घालून त्याला ओवाळते आणि पुरणपोळीचा घास स्वतःच्या हाताने भरवते. ज्या घरात खापरावरचे मांडे होतात तेथे पहिला मांडा त्याचा असतो. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू ठेवत नाहीत आणि त्याच्यावर आसूड उगारत नाहीत. हे सर्व करणाऱ्या घराने कुत्र्याला ‘बाळ’ म्हणणाऱ्या सुनेला ‘हे काय नवीन?’ असे विचारणे फारसे शोभत नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. बैलाला मिळालेले ‘राजा’ हे नाव त्याने वर्षभर वखर, पाभर आणि गाडी ओढून कमावलेले असते आणि ते त्याला उघड्या गोठ्यात राहूनच मिळते. शहरातल्या कुत्र्याला ‘बाळ’ हे नाव पहिल्याच दिवशी, काही न करता मिळते आणि त्याबरोबर घरात जागाही मिळते. वडीलधाऱ्यांना खटकतो तो बहुधा शब्द नसतोच. न कमावता मिळालेले घरातले स्थान त्यांना खटकते, आणि ते सांगता येत नाही म्हणून शब्दावर राग निघतो.

मोत्या, ढवळ्या, पवळ्या या नावांतला ‘-या’ तुच्छतादर्शक नाही का? माणसाला ‘गण्या’ म्हटले तर राग येतो.

हा प्रश्न दिसतो त्यापेक्षा अधिक खोल आहे. ‘-या’ हा प्रत्यय माणसाच्या नावाला लागला की ऐकणारा आधी कोण बोलतो आहे ते पाहतो. शाळेपासूनच्या मित्राने ‘गण्या’ म्हटले तर ती जवळीक असते, तोच शब्द बँकेतल्या अनोळखी माणसाने उच्चारला तर तो अपमान असतो. म्हणजे प्रत्ययात तुच्छता नाही. प्रत्ययात जवळिकीचा दावा आहे, आणि ज्याला तो दावा करण्याचा अधिकार नाही त्याने केला की तो झोंबतो. बैलाच्या बाबतीत हा अधिकार मालकाकडे निर्विवाद असतो, म्हणून ‘मोत्या’ या हाकेत केवळ जवळीक उरते.

ही नावे बहुतेक रंगावरून किंवा खुणेवरून पडलेली असतात. धवल म्हणजे पांढरा, त्यावरून ढवळ्या. पोवळ्याच्या तांबूस रंगावरून पवळ्या. कपाळावर पांढरा ठिपका असेल तर चांद्या. गाईंना मात्र ‘-या’ लागत नाही. त्यांच्या वाट्याला तांबू, कपिला, हरणी, गंगा, लक्ष्मी अशी नावे येतात, ज्यांतली निम्मी घरातल्या बायकांचीही असतात. बैलाला विशेषणातून घडवलेले नाव आणि गाईला सरळ माणसाचे किंवा नदीचे नाव, असा हा भेद आहे. तो सगळीकडे काटेकोर पाळला जातो असे नाही, पण कोणत्याही गावातल्या दहा गोठ्यांतली नावे मोजली तर कल कळून येईल.

आणखी एक बारकावा असा की, वर्षभर ‘आला’, ‘गेला’, ‘बसला’ असे एकवचनात बोलले जाणारे हेच बैल पोळ्याच्या दिवशी काही घरांत आदरार्थी बहुवचनात जातात. ‘राजे आले का दारात?’ असे विचारणारा म्हातारा तेव्हा थट्टा करत नसतो.

मांजर ‘ती’ म्हणावी की ‘ते’? ‘ते’ म्हटले की ती वस्तू झाल्यासारखे वाटते.

मांजर हा शब्द मराठीत नपुंसकलिंगी आहे. नर असेल तर बोका आणि मादी असेल तर मांजरी किंवा भाटी. कुत्रा, कुत्री आणि कुत्रे अशी तिन्ही रूपे वापरात आहेत. आता ‘ते’ म्हटल्याने जीव वस्तूच्या पातळीवर उतरतो, ही भीती मराठीतून आलेली नाही. इंग्रजीत सर्वनाम बदलले की माणूस आणि वस्तू यांच्यात भिंत उभी राहते, आणि ती भिंत आपण इंग्रजी शाळेतून उचलून घरी आणली आहे. मराठीत सर्वांत लाडके जे असते तेच मुळी नपुंसकलिंगी असते : मूल, बाळ, लेकरू, पोरगे, तान्हुले, पिल्लू, पाडस, कोकरू, वासरू. आईच्या मांडीवर झोपलेल्याला आपण ‘झोपलं का ते?’ असेच विचारतो. तेव्हा मांजराला ‘ते’ म्हणणे म्हणजे त्याला तान्ह्याच्या रांगेत बसवणे आहे.

लिंगाशी खेळणे हे तर मराठी वात्सल्याचे लक्षणच आहे. मुलीला ‘आलास का रे बाळा?’ असे पुल्लिंगी विचारले जाते आणि तिला त्यात काही वावगे वाटत नाही. पंढरपूरचा विठ्ठल पुरुषदेव असून तो विठाई माउली होतो. जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरला ज्यांच्यामुळे नाव मिळाले त्या संत मुक्ताबाई कोवळ्या वयात १२९७ साली तापीकाठच्या मेहूण येथे अंतर्धान पावल्या असे वारकरी मानतात, आणि तरीही शतकानुशतके लोक त्यांना मुक्ताई, म्हणजे आईच, म्हणत आले आहेत.

लिहिताना एवढे सांभाळावे की, नाव दिले असेल तर नावाचे लिंग चालवावे (‘मनी आली’, ‘मोत्या आला’) आणि नाव दिले नसेल तर जातिवाचक शब्दाचे चालवावे (‘मांजर आले’). एकाच परिच्छेदात दोन्हींची सरमिसळ झाली की वाचकाला घरात दोन प्राणी असल्याचा भास होतो.

स्वतःला कुत्र्याची ‘आई’ किंवा ‘बाबा’ म्हणवून घेणे योग्य आहे का?

घरात, आपल्या माणसांत, ज्याला जे सुखाचे वाटते ते त्याने म्हणावे. अडचण येते ती बाहेर. एका पशुवैद्यकाच्या दवाखान्यात मी बसलो असताना मदतनिसाने आजारी मांजर घेऊन आलेल्या सत्तरीच्या बाईंना ‘आई तुम्हीच का?’ असे अदबीने विचारले. बाईंनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले की, आई दोन वर्षांखालीच मेली, गोणपाटावर व्यायली होती, मी फक्त दूध घालते. तेथे कोणी हसले नाही, आणि मला वाटते की दोघांचेही बरोबर होते.

कोणावर हे नाते लादू नये, हे मात्र निक्षून सांगावेसे वाटते. मूल नसलेल्या जोडप्याला ‘आता हेच तुमचे बाळ’ असे कौतुकाने म्हणणाऱ्या पाहुण्यांना आपण काय बोललो ते कळत नाही. नाते लावायचे की नाही, हे ज्याचे जनावर त्यानेच ठरवायचे असते. याच्या उलट, ज्यांनी स्वतःहून ते लावले आहे त्यांना ‘अहो, कुत्रं आहे ते’ अशी आठवण करून देण्याचीही गरज नसते, कारण ते कुत्रे आहे हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक माहीत असते. त्याची घाण रोज तेच उचलत असतात.

‘मालक’ हा शब्द कोरडा आणि ‘आई’ हा फार ओला वाटत असेल तर ‘पालक’ किंवा ‘सांभाळणारे’ हे शब्द मधले आहेत. शासकीय कागदांत ‘पशुपालक’ हा शब्द रुळलेलाच आहे.

ज्याला लेकरू म्हटले त्यालाच बाजारात विकतात. मग हे प्रेम खोटे नाही का?

हा प्रश्न बहुधा ज्याच्या घरी गोठा नाही असा माणूस विचारतो, आणि तो रागाने विचारतो. त्याचे उत्तर सोपे करून देता येत नाही.

शेतकऱ्याच्या घरात बैल हा एकाच वेळी नातेवाईक असतो आणि भांडवलही असतो. दुष्काळाच्या वर्षी चारा संपला, मुलीचे लग्न आले किंवा सोसायटीचे कर्ज थकले की पहिली नजर जाते ती दावणीकडे, आणि ती नजर टाकणाऱ्या माणसाला रात्री झोप येत नाही हेही त्याच घरात घडते. बाजारात सौदा होतो तो हातावर रुमाल टाकून, रुमालाखाली बोटे दाबून. भाव इतर गिऱ्हाइकांना कळू नये हा त्यामागचा व्यवहार आहे. पण ज्याला काल ‘राजा’ म्हटले त्याच्या तोंडासमोर आकडा मोठ्याने बोलावा लागत नाही, ही सोयही त्यातून आपोआप होते. अनेक घरांत जनावर विकतात पण त्याचे दावे, म्हणजे त्याला बांधायची दोरी, देत नाहीत. ते परत आणून गोठ्यातल्या खुंटीला अडकवतात. लक्ष्मी दावणीला राहावी म्हणून, असे त्याचे कारण सांगितले जाते. रिकामे दावे बघत बसलेला माणूस ज्याने पाहिला आहे तो हे प्रेम खोटे होते असे म्हणणार नाही.

दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याला घोड्यांचा बाजार भरतो. तेथेही हेच दिसते. घोड्याच्या आयाळीतून हात फिरवत ‘बेटा, बेटा’ करणारा माणूस दुसऱ्या क्षणी त्याचे दात उघडून वय दाखवतो, आणि या दोन कृतींमध्ये त्याला कोणतीही विसंगती जाणवत नाही. विसंगती नाही असे माझे म्हणणे नाही. ती आहे, आणि ज्याचे पोट जनावरावर आहे त्याला ती घेऊनच जगावे लागते. नात्याचा शब्द तोंडातून काढून टाकला तर जनावर विकणे थांबणार नाही. ते फक्त सोपे होईल.

जनावर ‘मेले’ म्हणावे, ‘वारले’ म्हणावे की ‘गेले’?

मराठीत माणसासाठी आणि जनावरांसाठी क्रियापदांचे दोन वेगळे पेटारे आहेत. माणूस वारतो, निवर्ततो, देवाघरी जातो, जनावर मरते. बाई गरोदर असते, गाय गाभण असते. बाई बाळंत होते, गाय विते. माणूस जेवतो, गुरे चरतात किंवा चारा खातात. या भिंती अपमानासाठी उभारलेल्या नाहीत. ज्या समाजात दोघांचाही हिशेब रोज ठेवावा लागतो तेथे गोंधळ टाळण्यासाठी त्या पडलेल्या आहेत.

तरीही दुःखाच्या वेळी भाषेने एक खिडकी उघडी ठेवली आहे, ती म्हणजे ‘गेला’. ‘आमचा सर्जा गेला’ या वाक्यात सर्जा बैल होता की भाऊ, हे संदर्भाशिवाय कळत नाही, आणि बोलणाऱ्याला तेच हवे असते. ‘आमचा सर्जा वारला’ असे म्हटले तर ऐकणारा क्षणभर थबकतो, आणि ‘सर्जा मेला’ म्हटले तर बोलणाराच स्वतःच्या शब्दाने दुखावतो. म्हणून बोलताना ‘गेला’ हेच योग्य आहे, आणि लिहितानाही त्यापलीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

एका ठिकाणी मात्र जनावरांचाच पेटारा उघडला पाहिजे, आणि ते ठिकाण म्हणजे पशुवैद्यकाला केलेला फोन. ‘आमच्या तांबूला दिवस गेले आहेत आणि तिला बरे वाटत नाही’ असे सांगण्यापेक्षा ‘गाय सात महिन्यांची गाभण आहे, कालपासून चारा खात नाही, रवंथ करत नाही’ असे सांगितले तर डॉक्टर योग्य औषध घेऊन निघू शकतात. गाय साधारण २८० दिवसांनी आणि म्हैस साधारण ३१० दिवसांनी विते, त्यामुळे जनावर कोणते आणि महिना कितवा हे दोन्ही सांगणे आवश्यक असते. लाडाचे नाव फोन ठेवल्यावर घ्यावे.

ट्रॅक्टर, मोटारसायकल, एस.टी. यांना लाडाने काय म्हणतात आणि ते लिंग कसे ठरते?

ट्रॅक्टर पुल्लिंगी, गाडी स्त्रीलिंगी, बुलेट स्त्रीलिंगी. जातिवाचक मराठी शब्द मनात कोणता आहे त्यावर हे बहुधा ठरते : जी ‘गाडी’ आहे ती ‘ती’ होते. ट्रॅक्टर घरात येतो तेव्हा बैलाची जागा घेतो, आणि म्हणून कित्येक घरांत त्याच्या पुढच्या भागावर विकलेल्या बैलाचेच नाव रंगवलेले असते. ‘सर्जा’ असे लिहिलेला ट्रॅक्टर पाहिला की त्या घराचा गेल्या वीस वर्षांचा इतिहास न विचारता कळतो. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ आणि नारळ मिळतो. पोळ्याला काही ठिकाणी त्याचीही पूजा होऊ लागली आहे, जे मला अजून थोडे चमत्कारिक वाटते, पण ज्याच्या घरात आता बैलच नाही त्याने आणखी काय करावे?

राज्याच्या लाल एस.टी.ला ‘लालपरी’ म्हणतात. पहिली एस.टी. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर धावली. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावात दिवसातून दोनदाच येणारी गाडी चुकली तर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबावे लागते, तेव्हा तिला परी म्हणण्यात नुसता लाड नसतो, विनवणीही असते.

घरातल्या लहानसहान वस्तूंचे काय? केरसुणीला ‘लक्ष्मी’ आणि जात्याला ‘अरे’ का म्हणतात?

लक्ष्मी हा शब्द मराठी घरात किती ठिकाणी फिरतो ते पाहण्यासारखे आहे. नवी सून लक्ष्मी, जन्मलेली मुलगी लक्ष्मी, दारची गाय लक्ष्मी, तिजोरीतली रोकड लक्ष्मी आणि दिवाळीत विकत आणून हळदकुंकू वाहिलेली केरसुणीही लक्ष्मीच. म्हणून तिला पाय लागला तर नमस्कार करतात आणि तिला उभी ठेवत नाहीत.

जात्याची गोष्ट निराळी आहे. खानदेशात जात्याला घरोट म्हणतात. पहाटे अंधारात त्याच्यासमोर बसून दादर ज्वारी दळणाऱ्या बाईला तास-दोन तास बोलायला दुसरे कोणीच नसे, आणि म्हणून ती त्याच्याशीच बोलत असे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांनीही घरोटाला ‘अरे’ म्हणून साद घातलेली आहे. त्या सादेत कौतुक जेवढे आहे तेवढीच सोबत आहे. विजेच्या गिरणीला कोणी ‘अरे’ म्हणत नाही. तिच्यासमोर बायका रांगेत उभ्या असतात आणि एकमेकींशी बोलतात.

वरवंट्याचे नशीब याहून थोर आहे. बारशाच्या वेळी पाळण्यात बाळाच्या आधी वरवंट्याला टोपरे-झबले घालून निजवण्याची चाल महाराष्ट्रात अनेक घरांत आहे. उद्या त्याच वरवंट्याने चटणी वाटली जाते आणि कोणाला काही वाटत नाही.

‘तापी माय’, ‘काळी आई’ हे शब्दही याच प्रकारातले आहेत का?

नाही, दिशा उलटी आहे. बैलाला लेकरू म्हणताना माणूस मोठा असतो आणि जनावर लहान. तापीला माय म्हणताना माणूस लहान होतो. मध्य प्रदेशातल्या मुलताईजवळ उगम पावून पश्चिमेकडे वाहणारी तापी पुराणकथेत सूर्याची कन्या आहे, पण काठावरच्या माणसाला ती कोणाची मुलगी आहे याच्याशी कर्तव्य नसते; तिच्या पाण्यावर केळीचे बाग उभे आहेत म्हणून ती माय. शेताच्या काळ्या जमिनीला ‘काळी आई’ म्हणतात त्यामागचा भावही तोच आहे. आणि गंमत अशी की, त्या आईच्या अंगावरची केळी मात्र लेकरे असतात. थंडीची लाट आली की ‘लेकरासारखी बाग जपली’ असे तोच माणूस सांगतो.

नागाला ‘नागोबा’ म्हणणे हेही प्रेमच का?

त्यात प्रेमापेक्षा तडजोड अधिक आहे. रात्री सापाचे नाव घेऊ नये म्हणून ‘जनावर’ किंवा ‘लांबडं’ म्हणतात, आणि नागपंचमीला बायका त्याच नागाला भाऊ मानून उपवास करतात. ज्याच्यापासून धोका आहे त्याला नात्यात बांधून घ्यायचे, म्हणजे तो नात्याला जागेल, अशी ती जुनी आशा आहे. देवीचा रोग आला की ‘देवी आल्या’ असे आदराने म्हणत, तेही याच आशेतून. येथे शब्द मऊ असले तरी साप चावल्यावर भाऊपणावर विसंबून न राहता तडक सरकारी दवाखान्यात जावे.

पोपटाला ‘मिठू बेटा’ म्हणून पिंजऱ्यात ठेवले तर चालते का?

नाही. आपल्याकडचा हिरवा, गळ्याला पट्टा असलेला पोपट हा वन्यजीव आहे आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला पकडणे, विकणे आणि पाळणे गुन्हा आहे. त्याला बेटा म्हटल्याने पिंजरा पाळणा होत नाही.

जनावरांना आपण दिलेली ही नावे कळतात का?

नाव कळते, नाते कळते की नाही हे सांगणे कठीण आहे. पाळीव मांजरे स्वतःचे नाव त्याच लांबीच्या इतर शब्दांपासून वेगळे ओळखतात, असे जपानमधील संशोधकांनी २०१९ साली प्रयोगाने दाखवले. त्याआधी २०१५ साली जपानमध्येच असे आढळले होते की, कुत्रा आणि त्याला सांभाळणारा माणूस एकमेकांच्या डोळ्यांत पाहत राहिले तर दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते, आणि आई-बाळाच्या जवळिकीत हेच संप्रेरक काम करत असते. गुराख्याला यासाठी प्रयोगशाळेची गरज कधीच पडली नाही. कळपातल्या तिसऱ्या गाईला ‘हरणे!’ म्हटले की तिसरीच मान वळवते, हे त्याने रोज पाहिलेले असते.

सरकारी कागदावर लाडाचे नाव लिहिता येते का?

जनावराची ओळख तेथे कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरच्या १२ अंकी क्रमांकाने होते. त्या क्रमांकाला ‘पशुआधार’ म्हणतात. माणसाचे आधार १२ अंकी, गाईचेही १२ अंकी. म्हणजे माणसाची संज्ञा जनावराला लावण्यात शासनही मागे राहिलेले नाही. विमा, लसीकरण आणि खरेदी-विक्रीच्या नोंदीत हा क्रमांक, जात, रंग आणि शिंगांची ठेवण लिहावी. ‘नाव : कपिला’ असे कोपऱ्यात लिहिले तर कोणी हरकत घेत नाही, पण त्याने काही सिद्धही होत नाही.

पाळीव जनावराला माणसाचे नाव ठेवताना काय पाहावे?

शेजारी पाहावेत. आमच्या गल्लीत एका कुटुंबाने हौसेने आणलेल्या कुत्र्याचे नाव ‘राजू’ ठेवले. तीन घरे सोडून राहणाऱ्या निवृत्त शिक्षकांना घरी राजूच म्हणत, हे त्यांना ठाऊक नव्हते. पहिल्याच रविवारी सकाळी ‘राजू, तोंड काढ त्यातून, घाणेरडा कुठला!’ अशी खणखणीत हाक गल्लीभर गेली, तेव्हा गुरुजी ओट्यावर बसून दुधात पाव बुडवत होते. आठवड्याच्या आत कुत्र्याचे नाव ‘मोत्या’ झाले. कुत्रा मात्र पुढे कित्येक महिने ‘राजू’ म्हटले की शेपूट हलवायचा, आणि गुरुजींची बहीण अमळनेरहून आली की तिच्या प्रत्येक हाकेला दोघेही दारात यायचे.